जुन्या घंगाळाचा भाव करताना

नाशिकला गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात मेथीची जुडी निम्म्या भावाने मागितली तरी कोणी मनावर घेत नाही. भांडी बाजारात मोडीत आलेलं जुनं घंगाळ तसं मागून चालत नाही. या वस्तूला तिच्या धातूची किंमत असते. त्याखाली मागणी केली की विक्रेता मान फिरवतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

म्हणून आधी त्या दिवशीचा मोडीचा भाव दोन दुकानांत विचारून घ्यावा. तांब्याचा वेगळा, पितळेचा वेगळा. समजा तांब्याची मोड किलोला ₹७०० आहे, घंगाळ सहा किलोचं आहे आणि दुकानदार ₹९,००० सांगतोय. धातूचेच ₹४,२०० झाले. घासाघीस करायची ती वरच्या ₹४,८०० वर. अशा वेळी ₹६,००० पासून सुरुवात केली तर कोणाचा अपमान होत नाही, आणि ₹७,००० च्या आसपास सौदा पटला तर दोघंही खूश. वजन समोर करून घ्यावं. कड्या पितळेच्या असतील तर त्यांना तांब्याचा भाव लागत नाही. पाणी तापवायचा बंब घेत असाल तर त्याची लोखंडी जाळी काढूनच तो काट्यावर ठेवायला सांगावं. ही जाळी बरंच वजन खाते.

आता वस्तू नीट बघायची. भाव कमी करायला खरं कारण हवं, आणि ते भांड्यातच सापडतं. भांडं उजेडाकडे धरलं की बारीक भोकं दिसतात. जुन्या ठोक्याच्या भांड्याला बहुधा दातेरी सांधा असतो. तो उसवलाय का, त्यावर मागाहून डाक (धातू वितळवून दिलेला जोड) दिलाय का ते बघावं. डाकात शिसं असू शकतं, त्यामुळे असं भांडं पिण्याच्या पाण्याला घेऊ नये, शोभेला ठीक. बंबाची मधली नळी आतून तपासावी, आच तिलाच लागते. तोटी बदललेली असेल तर तेही बोलण्यात घ्यावं. पितळी म्हणून दाखवलेल्या समईला लोहचुंबक चिकटला तर आत लोखंड आहे, विषय संपला.

‘जुनं’ आहे का, याच्या खुणा वेगळ्या. खरी झीज हात लागतो तिथे होते: काठावर, कडीखाली, बुडाला. सगळीकडे सारखाच हिरवा थर असेल तर तो बहुतेक रसायनाने आणलेला. टिंबांनी कोरलेल्या नावावरून बोट फिरवावं; जुन्या टिंबांच्या कडा गुळगुळीत झालेल्या असतात, नव्या बोटाला टोचतात. दुकानात विचारल्याशिवाय लिंबू चोळून बघणं मात्र शुद्ध आगाऊपणा.

बोलताना दोष आधी आणि आकडा नंतर. “काका, घंगाळ छान आहे, पण बुडाला डाक दिलाय. परत झाळून घ्यावं लागेल. सहाला जमेल का?” एवढं म्हणून गप्प बसावं. या गप्प बसण्यातच बरेच जण कच्चे असतात. उत्तर यायच्या आत स्वतःच पाचशे वाढवतात. समोरून आकडा आला की दोन-तीनशेच्या टप्प्याने वर जावं. “बाहेर निम्म्यात मिळतं” हे वाक्य टाळावं. “मग तिकडूनच घ्या,” हे उत्तर ठरलेलं आहे. जमत नसेल तर “राहू द्या दादा, माझ्या बजेटात बसत नाही” म्हणून उठावं. मागून हाक आली तर ठीक, नाही आली तर तो भाव खरा होता.

सकाळी दुकान उघडताच घ्यायचं नसताना भाव करू नये, भवानीची वेळ असते. आणि आकडा पटल्यावर “वर एक पळी द्या ना” हे नको. पळी हवी असेल तर आधीच दोन्हींचा मिळून भाव विचारावा, तिथे सूट सहज मिळते.

नाण्यांच्या टेबलावर हाच हिशेब ग्रॅममध्ये चालतो. ब्रिटिशकालीन चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा. त्यात सुमारे ९१.७ टक्के चांदी, म्हणजे १०.७ ग्रॅमच्या आसपास. १९४० ते १९४५ च्या रुपयात ती निम्मीच, ५.८३ ग्रॅम. साल न बघता भाव केला की फसगत ठरलेली. खिशातला छोटा डिजिटल काटा जवळ असावा, आणि नाणं कडेलाच धरावं.

दगडी किंवा धातूची जुनी मूर्ती कोणी स्वस्तात देऊ लागलं तर तिथे घासाघीस नकोच. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरच्या अशा मूर्ती पुरावस्तू ठरतात. विकणाऱ्याला परवाना लागतो आणि मूर्तीची नोंदणीही. आधी कागद मागावेत. घंगाळाची पावती घेतानाही तीवर धातू, वजन आणि डाक दिल्याचा उल्लेख लिहून घ्यावा.