शाळेसाठी दम्याचे साहित्य मागण्यापूर्वीची तयारी

मागच्या खेपेस आमच्या शाळेच्या प्रस्तावात ‘इनहेलर’ एवढाच शब्द लिहिला गेला, तेवढाच मंजूर झाला, आणि औषध आले तरी ते लहान मुलांच्या छातीपर्यंत पोहोचवणारा स्पेसर, म्हणजे इनहेलरला जोडायचे पोकळ प्लॅस्टिकचे नळकांडे, काही आला नाही. ही यादी त्यासाठीच. जिल्हा परिषदेच्या शाळेचे मुख्याध्यापक किंवा शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य यांनी कागद टंकलेखनाला देण्यापूर्वी ती वाचावी.

सुरुवात मुलांच्या संख्येपासून करावी. ‘मुलांना त्रास होतो’ एवढ्या वाक्यावर कोणीही निधी देत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते आणि श्वासनलिका आकसण्याचा विकार त्यांच्या तपासणीच्या यादीत आहे, म्हणून त्यांच्या नोंदींची प्रत प्रस्तावाला जोडावी. मात्र तेवढ्यावर विसंबू नये. पालकांना ‘दमा आहे का’ असे विचारले की, विशेषतः मुलींच्या बाबतीत, ‘नाही’ हेच उत्तर येते, कारण पुढे सोयरीक अडेल ही भीती असते. त्याऐवजी रात्री खोकल्याने झोपमोड होते का, धावल्यावर छातीत घरघर होते का, सोयाबीनची मळणी चालू असताना किंवा शेतात कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवल्यावर धाप लागते का, असे विचारावे. या उत्तरांवरून निदान करू नये. अशा मुलांना प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. प्रस्तावात मुलांची नावे घालू नयेत, इयत्तावार संख्या पुरते.

पालकांचे संमतीपत्र दसऱ्यापूर्वी घ्यावे. बीडसारख्या जिल्ह्यात त्यानंतर आईवडील ऊसतोडीला निघून जातात आणि मूल आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहते. मग ऐन थंडीत, म्हणजे त्रास वाढतो तेव्हाच, सही कोणाची घ्यायची हा प्रश्न उभा राहतो. मागे राहणाऱ्या नातेवाइकाची सही किंवा अंगठाही त्याच कागदावर घ्यावा.

साल्ब्युटामॉल, म्हणजे इनहेलरमधले श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते, म्हणून प्रत्येक मुलासाठी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून लेखी सूचना घ्यावी: किती फवारे, किती वेळाने, आणि केव्हा 108 ला फोन करायचा. हे इनहेलर राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहे, त्यामुळे औषधाची मागणी आधी आरोग्य केंद्राकडे नोंदवावी आणि मिळणारा पैसा शक्यतो साहित्यासाठी, म्हणजे स्पेसरसाठी, राखावा.

स्पेसरविषयी सविस्तर लिहितो, कारण कोणतीही कचेरी त्याची आपणहून आठवण करून देत नाही. इनहेलर दाबणे आणि त्याच क्षणी श्वास आत ओढणे हे सहा वर्षांच्या मुलाला, त्यातही धाप लागलेली असताना, जमत नाही. औषध जिभेवर आणि घशात बसते, आणि ‘पंपाने काही फरक पडत नाही’ असे गावभर होते. स्पेसरमध्ये एक फवारा सोडला की मूल चार-पाच श्वासांत तो सावकाश घेऊ शकते. म्हणून मागणीपत्रात इनहेलरच्या खाली, वेगळ्या अनुक्रमांकावर, वेगळ्या दराने स्पेसर लिहावा. अंगणवाडीच्या व पहिलीच्या मुलांसाठी मास्कसह, मोठ्यांसाठी तोंडात धरायच्या नळीसह, आणि मुलागणिक एक, कारण एकाचा उष्टा स्पेसर दुसऱ्याला देता येत नाही. ‘इनहेलर व अनुषंगिक साहित्य’ असे मोघम लिहू नये. अनुषंगिक म्हणजे काय हे पुरवठादार ठरवतो. प्रशासकीय मान्यता मिळाल्यावर नवी बाब घुसवता येत नाही, हे अनुभवाने सांगतो.

नेब्युलायझरचा, म्हणजे औषधाचे तुषार करून देणाऱ्या विजेच्या यंत्राचा, मोह आवरावा. यंत्र दिसते, त्याचे उद्घाटन होते, फोटो निघतो. पण वीज नसलेल्या दुपारी ते कपाटातच राहते, आणि सौम्य ते मध्यम त्रासात स्पेसरमधून दिलेले इनहेलर त्याच्याइतकेच गुणकारी असते. त्या किमतीत किती स्पेसर येतील याचा हिशेब समितीच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावा.

निधीसाठी संयुक्त शाळा अनुदानावर फार भरवसा ठेवू नये. समग्र शिक्षा योजनेच्या निकषानुसार 30 पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला 10,000 आणि 31 ते 100 पटाच्या शाळेला 25,000 रुपये ठरलेले आहेत, त्यातील किमान 10 टक्के स्वच्छतेसाठी ठेवावे लागतात, आणि उरलेले वीजबिल, खडू व दुरुस्ती यांतच संपतात. ग्रामपंचायतीचा मार्ग बरा. पंधराव्या वित्त आयोगाच्या रचनेत 60 टक्के निधी पाणी व स्वच्छतेसाठी बंधित आणि 40 टक्के अबंधित होता; आयोगागणिक निकष बदलतात, म्हणून चालू परिपत्रक ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) पाहून घ्यावे. मात्र बाब ग्रामपंचायत विकास आराखड्यात असल्याशिवाय तिच्यावर खर्च करता येत नाही, आणि आराखड्याची ग्रामसभा साधारण 2 ऑक्टोबरच्या सुमारास होते. तेथे शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घेऊन जावे. ठरावात ‘स्पेसर’ हा शब्द आहे का, हे सही करण्याआधी पुन्हा पाहावे. जिल्हा नियोजन समितीकडे जायचे असेल तर एकेका शाळेने जाऊ नये, केंद्रप्रमुखांमार्फत सर्व शाळांची एकत्रित मागणी न्यावी.

दरपत्रके नेहमीप्रमाणे. त्यातही स्पेसरची ओळ तपासावी.

साहित्य आल्यावर दोन शिक्षकांना आरोग्य केंद्रात प्रात्यक्षिक द्यावे. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळू द्यावा, फडक्याने पुसू नये. घासल्याने विद्युतभार तयार होऊन औषध प्लॅस्टिकलाच चिकटते. इनहेलर कुलपात ठेवू नये आणि पत्र्याच्या खोलीत उन्हातही ठेवू नये. मुदत संपण्याची तारीख साठा नोंदवहीत लिहावी, पुढच्या वर्षीच्या आराखड्यात बदली इनहेलरची तरतूद आताच टाकावी, आणि उपयोगिता प्रमाणपत्र 31 मार्चपूर्वी द्यावे.