सुट्टी लागण्याआधी घरातल्या विजेची तयारी

वार्षिक परीक्षा संपायच्या आत हे उरकायचं. मुलं दिवसभर घरी असली की भर दुपारी दोन-तीन पंखे, टीव्ही आणि एसी चालू राहतात, शिवाय फ्रिज दर दहा मिनिटांनी उघडतो. बिल हातात येतं तेव्हा महिना सरलेला असतो. म्हणून पहिलं काम मीटरचं रीडिंग. गेल्या उन्हाळ्यात बाकी सगळं केलं, एवढंच राहिलं, आणि कशामुळे किती वाचलं हे कळायला काही मार्गच उरला नाही.

सुट्टीच्या पहिल्या सकाळी मीटरपाशी जा. बिलावरचा मीटर क्रमांक ताडून बघा, इमारतीत वीस मीटर एका रांगेत असतात. पडद्यावर तारीख, वेळ, व्होल्टेज असे आकडे फिरत राहतात. त्यातला केडब्ल्यूएचचा, म्हणजे युनिटांचा आकडा येईपर्यंत थांबा आणि मग फोटो काढा. घाईत व्होल्टेजचा फोटो काढलात तर तो काही कामाचा नाही.

आता मागचं बिल काढा. महावितरणचे घरगुती टप्पे १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत. वरचा दर फक्त त्या टप्प्यातल्या युनिटांना लागतो, अख्ख्या बिलाला नाही. पण सुट्टीतली जादा युनिटं नेमकी तिथेच जाऊन पडतात. एरवी अडीचशेच्या आसपास वापर असेल तर ३०० ही हद्द धरा. म्हणजे दिवसाला १०, आठवड्याला ७०. फ्रिजच्या दारावर कागद चिकटवा आणि दर रविवारी सकाळी रीडिंग लिहा. वजाबाकी मुलांना करू द्या, चौथीतल्या मुलाला सहज जमते. एक रविवार चुकला तर सोमवारी लिहा, पण लिहाच.

मीटरवर लुकलुकणारा लाल दिवा असतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो हे मीटरवरच छापलेलं असतं, बऱ्याचदा ३२००. घरातलं सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा. तरीही दिवा लुकलुकत राहिला तर काहीतरी चालू राहिलंय किंवा वायरिंगमध्ये गळती आहे; गळतीचा संशय आला तर वायरमन बोलवा, स्वतः उघडू नका. मग एकेक उपकरण लावून मिनिटभर मोजा. ३२००च्या मीटरवर ७५ वॅटचा जुना पंखा मिनिटाला ४ वेळा, दीड किलोवॅट घेणारा एसी ८० वेळा आणि २००० वॅटचा गिझर शंभराहून जास्त वेळा. हे मुलांनी एकदा स्वतः मोजलं की पुन्हा सांगावं लागत नाही. फक्त मीटरच्या पेटीला हात लावू द्यायचा नाही, आणि सोबत मोठं माणूस हवंच.

पंख्यांचं बोलायचं तर जुना पंखा रोज १६ तास चालला की १.२ युनिट खातो, ३० वॅटचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा अर्ध्या युनिटच्याही खाली राहतो. एकच बदलणं परवडत असेल तर मुलं जिथे दिवस काढतात त्या खोलीतला बदला, पाहुण्यांच्या खोलीतला नव्हे. जुना खोकेवाला रेग्युलेटर वेग कमी करतो, पण उरलेली वीज स्वतःच तापून घालवतो. तो काढून इलेक्ट्रॉनिक बसवा.

एसीची जाळी आत्ताच धुवा आणि पुढे दर पंधरवड्याला. धूळ बसली की हवा अडते आणि कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो. तापमान २६, सोबत पंखा सावकाश. अंशामागे साधारण सहा टक्के वीज वाचते, हा ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी या केंद्र सरकारच्या वीजबचत संस्थेचा हिशोब. मुलं १८ लावतात, पण साध्या एसीत त्याने खोली लवकर थंड होत नाही. कॉम्प्रेसर फक्त बंद व्हायचं विसरतो. पश्चिमेच्या खिडकीवर जाड पडदा आधीच लावून ठेवा, तोही शक्यतो बाहेरून, कारण काचेतून आत आलेलं ऊन मागे जात नाही.

फ्रिज: पाण्यासाठी माठ भरा, म्हणजे निम्म्या वेळा दार उघडणं थांबेल. दाराच्या रबरात कागद अडकवून ओढा. अलगद निघाला तर रबर बदला. भिंतीपासून चार बोटं जागा. गरम वरण आत नाही.

सेट टॉप बॉक्स रिमोटने बंद होत नाही. १० वॅटचा असला तरी महिन्याला ७ युनिट जातात. खटका भिंतीवरचा. पाण्याच्या मोटारीला वेळ लावा. कडधान्यं रात्री भिजवा, कुकर वापरा. इस्त्री आठवड्यातून एकदाच.

रविवारचं रीडिंग लिहिलंत ना?

जूनमध्ये शाळा सुरू होते त्या सकाळी शेवटचा फोटो. बिल आलं की त्यावरचं चालू रीडिंग आणि तारीख तुमच्या कागदाशी ताडा. जुळत नसेल किंवा सरासरीने बिल आलं असेल तर फोटो घेऊन महावितरणच्या कार्यालयात जा. पहिल्या दिवसाचा फोटो नसेल तर यातलं काहीच करता येत नाही.