इंग्रज म्हणायचं की ब्रिटिश?

बडोद्याच्या दांडिया बाजारात तीन पिढ्या काढलेल्या मराठी माणसाला परगावचा कुणी ‘म्हणजे तुम्ही गुजरातीच की’ म्हणाला, तर तो लगेच दुरुस्ती करतो: राहतो गुजरातेत, घरात मराठी, पासपोर्ट भारतीय. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या माणसाला ‘इंग्रज’ म्हटलं की त्यालाही असंच खटकतं. बडोद्यातली पुष्कळ मुलं आता तिकडे शिकायला-नोकरीला आहेत, त्यांचे मित्र आणि सासरची माणसं इथे येतात. म्हणून हा फरक एकदा पक्का करून ठेवा.

आधी नकाशा. ग्रेट ब्रिटन हे बेट. त्यावर तीन प्रांत, म्हणजे तिकडच्या भाषेत तीन देशच: इंग्लंड (लंडन, लेस्टर, बर्मिंगहॅम), स्कॉटलंड (एडिनबरा, ग्लासगो) आणि वेल्स (कार्डिफ, स्वान्सी). त्यात उत्तर आयर्लंड (बेलफास्ट) मिळवलं की युनायटेड किंगडम, आपलं ‘यूके’. इंग्रज म्हणजे फक्त इंग्लंडचा. ब्रिटिश हे नागरिकत्वाचं नाव.

फॉर्म भरताना पासपोर्ट उघडून समोर ठेवा. राष्ट्रीयत्वाच्या ओळीत ‘ब्रिटिश सिटिझन’ छापलेलं असतं आणि खालच्या यंत्रवाचनाच्या ओळींत ‘जीबीआर’ ही तीन अक्षरं. ‘इंग्लिश’ नावाचं राष्ट्रीयत्व कुठल्याच पासपोर्टवर नसतं. ऑनलाइन अर्जात लोक अडकतात ते इथेच: देशांच्या यादीत ‘ई’ खाली इंग्लंड शोधत बसतात. तिथे ते बहुधा नसतं. ‘यू’ खाली युनायटेड किंगडम पाहा. जन्मस्थानाचा रकाना वेगळा. नातवाचा जन्म बडोद्याचा आणि पासपोर्ट ब्रिटिश असेल, तर एका रकान्यात वडोदरा, दुसऱ्यात ब्रिटिश. आणि लेस्टरला विद्यार्थी व्हिसावर असलेली मुलगी ब्रिटिशही नाही नि इंग्रजही नाही. ती भारतीयच, ती तिथे फक्त राहते.

पत्त्यात ‘एडिनबरा, इंग्लंड’ कधीही लिहू नका. ‘एडिनबरा, यूके’ लिहा, वादच नको. लग्नपत्रिकेत तर हे दोनदा तपासाच. छापून झाल्यावर पाहुण्यांना ते वाचावं लागतं.

प्रत्यक्ष माणूस समोर असेल तर आधी गाव विचारा. ‘तुम्ही कुठल्या शहरातले?’ एवढं पुरतं. उत्तर ग्लासगो आलं तर स्कॉटिश, कार्डिफ आलं तर वेल्श. (‘स्कॉच’ हा शब्द व्हिस्कीसाठी ठेवा, माणसासाठी नको.) गाव कळलं नाही तर ‘ब्रिटिश’ म्हणा, सहसा चालतं. तिकडे जन्मलेली आपली मुलंही स्वतःला बहुतेकदा ब्रिटिश किंवा ब्रिटिश इंडियन म्हणवतात. त्यांना ‘इंग्रज झालास रे’ म्हणणं टाळा. आपल्या तोंडात बसलेला ‘ब्रिटिशर’ हा शब्द तिकडे कुणी स्वतःसाठी वापरत नाही.

बेलफास्टच्या माणसाबाबत मात्र घाई नको. तिथे काही जण स्वतःला ब्रिटिश मानतात, काही आयरिश, काही दोन्ही. 1998 च्या गुड फ्रायडे करारात ही निवड त्यांच्यावरच सोडली आहे. तो स्वतः काय म्हणतो ते ऐका आणि तोच शब्द वापरा. डब्लिनचा असेल तर प्रश्नच नाही: आयर्लंड हा वेगळा देश, तो माणूस आयरिश. त्याला ब्रिटिश म्हणणं ही मोठी चूक.

खेळात गोंधळ वाढतो, कारण फुटबॉलला इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स वेगवेगळे उतरतात आणि ऑलिंपिकला ग्रेट ब्रिटन एकत्र. क्रिकेटमधल्या ‘इंग्लंड’च्या संघामागचं मंडळ इंग्लंड आणि वेल्स या दोघांचं आहे.

सगळ्यांत जास्त चुका इतिहास लिहिताना होतात. मराठीत गोऱ्या साहेबाला सरसकट ‘इंग्रज’ म्हणायची जुनी सवय आहे, आणि ‘इंग्रजी अमदानी’ हा शब्दप्रयोग रूढ आहे तो राहू दे. पण नेमकं लिहायचं असेल तर 1707 ही खूण धरा. त्या वर्षी इंग्लंड आणि स्कॉटलंड एक राज्य झाले. त्याआधीचे ते इंग्रज: 1674 मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला रायगडावर आलेला हेन्री ऑक्सिंडेन हा इंग्रज वकील (म्हणजे दूत), तिथे ‘ब्रिटिश वकील’ चुकीचं ठरेल. नंतरच्या सत्तेला ब्रिटिश म्हणा आणि व्यक्तीचं मूळ तपासा. बडोद्याचा रेसिडेंट (दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी) अलेक्झांडर वॉकर स्कॉटिश. माळव्यात होळकरांशी 1818 चा मंदसोरचा तह घडवणारा जॉन माल्कमही स्कॉटिश. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ, तोही. सयाजीराव महाराज गोलमेज परिषदेला गेले तेव्हाचे पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनाल्ड स्कॉटलंडचे. त्यांना ‘इंग्लंडचे इंग्रज पंतप्रधान’ लिहिलं तर एका ओळीत दोन चुका होतात; ‘ब्रिटिश पंतप्रधान’ लिहा.