पॅडवरचा लाल रंग

एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आमच्या वर्कशॉपमध्ये आली तेव्हा ती लाल आहे हे मला कागद बघून कळलं. कागदावर 'डॅमस्क रेड, 1973' असं होतं. समोर उभी होती ती गाडी जोतिबाची चैत्र यात्रा करून आलेल्या माणसाच्या सदऱ्यासारखी गुलाबी. बॉनेटवरून बोट फिरवलं तर बोटाला गुलालासारखी भुकटी लागली. वीस-बावीस वर्षं ती एका गळक्या गॅरेजात पडून होती.

मी मूळचा कोल्हापूरचा. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा, मग डिग्री, मग इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीत मास्टर्स. शिक्षण इंजिनचं झालं आणि पोट रंगावर चालतंय. जुन्या गाड्यांच्या रंगकामात शिरायचंय असं म्हणणारी मुलं मला विचारतात, कोणता कोर्स करू? कोर्सबद्दल मला फारसं सांगता येणार नाही. मी एका लाल गाडीवर काय माती खाल्ली ते सांगू शकतो, आणि माझ्या मते ते जास्त उपयोगाचं आहे.

आधी एक रुक्ष गोष्ट. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसावर असाल तर टर्म चालू असताना आठवड्याला वीस तासांच्या वर काम नको. आणि 'वीकेंडला दोन-चार जणांच्या गाड्या पॉलिश करून देतो' हा उद्योग तर अजिबात नको. तो स्वतःचा धंदा धरला जातो आणि या व्हिसावर त्याला परवानगी नाही. मी वर्कशॉपमध्ये झाडू मारायला लागलो, पण पगाराच्या चिठ्ठीवर. तसंच करा.

धुणं, क्ले (रंगात रुतलेली घाण उचलणारा मातीसारखा गोळा) फिरवणं, क्रोम आणि रबरावर टेप लावणं हे तुम्हाला येत असणार. एवढंच सांगतो की मेलेल्या रंगावर क्ले अगदी हलक्या हाताने आणि भरपूर लुब्रिकंट मारून फिरवायची, नाहीतर ती अडकते आणि ओरखडे काढते. त्याच्याही आधी गंज बघा. एमजीबीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते. दाराखालचे सिल सडले असतील तर वरचा रंग चमकवणं म्हणजे वाळवी लागलेल्या दाराला पॉलिश करण्यासारखं आहे. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते सिलमध्ये, पुढच्या विंगच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) खालच्या टोकात जाऊन बसतं. टोकदार वस्तूने टोचून बघा. टोक आत गेलं तर पॉलिशची बाटली बंद करा आणि वेल्डरला फोन लावा.

आमची गाडी सुदैवाने घट्ट होती. बाजूची लांब चकचकीत पट्टी काढली आणि तिच्या मागे बोटभर रुंदीचा मूळ रंग दिसला. सोललेल्या डाळिंबाचा, ओला वाटावा असा लाल. पन्नास वर्षांत त्याला ऊन लागलेलंच नव्हतं. त्या दिवशी मी ठरवलं की हीच नोकरी करायची.

त्या काळचे साधे, म्हणजे मेटॅलिक नसलेले रंग एकथरी असायचे. वर लॅकर, म्हणजे पारदर्शक चमकता थर, नाही. जो थर रंग देतो तोच चमक देतो. त्यामुळे उन्हाने वरचा पापुद्रा मेला, भुकटी झाला, तरी खाली जिवंत रंग शिल्लक असतो. तो मेलेला पापुद्रा काढायचा, एवढंच काम. पण लगेच मशीन लावू नका. कोरड्या रंगाला आधी तेल पाजावं लागतं. मेग्वायर्सचं नंबर 7 नावाचं जुनं ग्लेझ आहे, त्यात अब्रेसिव्ह, म्हणजे घासणारे कण, नाहीत. ते टेरी कापडाने जाडसर चोळायचं, रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी पुसायचं, पुन्हा लावायचं. आम्ही बॉनेटला तीन वेळा लावलं. तिसऱ्या सकाळी मशीन न लावताच बॉनेट गुलाबीचं विटकरी आणि विटकरीचं लाल झालं होतं. कापड मात्र खाटकाच्या फडक्यासारखं दिसत होतं.

इथून माझी चूक सुरू होते. सावकाश वाचा.

मी बॉनेटवर ड्युअल अॅक्शन (डुलत फिरणारं, सौम्य) मशीन लावलं, मध्यम पॅड, थोडं पॉलिश. पॅड लालभडक झालं. उस्ताद म्हणाला, एकथरी रंगात असंच होतं, घाबरू नकोस. (उस्ताद म्हणजे आमच्या वर्कशॉपचा म्हातारा पेंटर. पहिल्या दिवशी मी त्याला 'सर' म्हणालो तर तो मागे वळून बघायला लागला, कोण आलंय म्हणून. तेव्हापासून मनातल्या मनात उस्ताद.) बॉनेट झालं, डिकी झाली, दोन्ही दारं झाली. दर दोन फुटांना पॅड ब्रशने झाडायचं, लाल धूळ उडायची, पुढे सरकायचं. पॅडवर लाल दिसलं की काम नीट चाललंय, हे डोक्यात पक्कं बसलं.

मग डावी पुढची विंग. जाडी मोजायचं मीटर बाकी गाडीवर 100 ते 120 मायक्रॉन दाखवत होतं, या विंगवर 240. मी खूश. दुप्पट माल आहे म्हणजे इथे बिनधास्त दाबता येईल! म्हणून मी रोटरी (एकाच दिशेने गरगर फिरणारं, जोरात कापणारं मशीन) घेतलं. कोल्हापुरात उद्यमनगरात शेजारच्या गॅरेजला मी टेम्पोंना रबिंग मारलं होतं, त्यामुळे रोटरी म्हणजे आपलं घरचंच, असा तोरा होता. पॅड काही वेळ पांढरं राहिलं. मला वाटलं इथला रंग चिवट दिसतोय, म्हणून आणखी दाबलं. मग लाल आलं, आणि मला हायसं वाटलं.

नेमकं तिथेच हायसं वाटायला नको होतं.

ती विंग कधीतरी, बहुधा अपघातानंतर, बदललेली होती. नवीन विंगला रंग मारला होता तो आजच्या पद्धतीने: खाली प्रायमर, मध्ये रंग देणारा पातळ बेसकोट, वर लॅकर. लॅकर असलेल्या पॅनलवर पॅडला रंग लागायलाच नको, कारण पॅड फक्त पारदर्शक थर घासत असतं. रंग आला याचा अर्थ लॅकर संपलं. म्हणजे तोच लाल डाग बॉनेटवर 'चालू दे' सांगत होता आणि विंगवर 'मेलास' म्हणून ओरडत होता. मी दोन्हीकडे पहिलाच अर्थ घेतला.

मीटरचंही ऐका. 240 हा आकडा पत्र्यापासून वरपर्यंतच्या सगळ्या थरांचा असतो. त्यात प्रायमर आला, बेसकोट आला, कुणी लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुटी, भरली असेल तर तीही आली. त्यातलं लॅकर किती हे साधं मीटर सांगत नाही. लॅकर साधारण 40 ते 50 मायक्रॉन असतं. प्रिंटरचा कागद 100 मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे तुमच्या हातात अर्धा कागद आहे आणि त्यातलाही थोडाच घासायची मुभा आहे. जास्त आकडा दिसला की 'भरपूर रंग' असं वाचू नका, 'इथे कुणीतरी आधी हात घातलाय' असं वाचा. हजाराच्या वर आकडा गेला तर खाली लांबी आहेच असं धरून चाला. आणखी एक: 1970 च्या आधीच्या बऱ्याच एमजीबींना बॉनेट अॅल्युमिनियमचं आहे. फक्त लोखंडावर चालणारं स्वस्त मीटर तिथे काही कामाचं नाही.

मला कळलंसुद्धा उशिरा. पॉलिशमधल्या तेलामुळे विंग ओली, चकचकीत दिसत होती. तेल काढणाऱ्या पॅनल वाइपने पुसली आणि द्रव उडाला तसा मधोमध एक मंद पट्टा वर आला, तळहाताएवढा, कडा नकाशासारख्या वेड्यावाकड्या. पुन्हा ओलं केलं तर गायब. सुकलं की हजर. पाच-सहा वेळा ओलं केलं असेल मी, जणू एखाद्या वेळी सुकल्यावर तो येणारच नाही. बेसकोटला स्वतःची चमक नसते. तो कितीही घासा, चमकणार नाही, फक्त संपेल. त्या पट्ट्यापुरतं लॅकर मारून भागत नाही, सगळी विंग कडेपर्यंत पुन्हा करावी लागते.

म्हणून आता काय करायचं ते. मशीनला हात लावण्याआधी प्रत्येक पॅनलवर, पुन्हा सांगतो, प्रत्येक पॅनलवर, एका कोपऱ्यात नाण्याएवढ्या जागेवर पांढऱ्या सुती कापडाने हलकं पॉलिश वीसेक वेळा चोळा. कापडाला रंग आला तर एकथरी. नाही आला तर लॅकर. प्रत्येक पॅनलला नवीन कापड घ्या, आणि ही चाचणी घासाघाशी सुरू होण्याआधी करा, कारण नंतर लाल धूळ सगळ्या गाडीवर बसते आणि लॅकरवरूनही कापड लाल होतं. निकाल मास्किंग टेपवर लिहून टेप त्याच पॅनलला चिकटवा. लक्षात राहील म्हणू नका. डावं दार एकथरी होतं म्हणून डावी विंग एकथरी नसते. पन्नास वर्षांच्या गाडीचा प्रत्येक पत्रा वेगळ्या घरातून आलेल्या सुनेसारखा असतो, त्याची चौकशी वेगळीच करावी लागते.

एकथरीवरही माजू नका. तिथे धोक्याची खूण म्हणजे पॅडवरच्या रंगाची छटा बदलणं. लालचं फिकट झालं, करडं दिसलं, की प्रायमर आला. कडा आणि घड्या तर मशीनने करूच नका. फवारलेला रंग कडेवरून मागे ओढला जातो, म्हणून तिथे थर मुळात पातळ, आणि पॅडचा सगळा दाब तिथेच येतो. टेप लावा, शेवटी हाताने करा.

उस्तादाला मी पाऊण तासाने सांगितलं. पाऊण तास का लागला ते विचारू नका. त्याने विंग बघितली, ओली केली, सुकू दिली, आणि चहा करायला गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात दोन मग होते आणि खांद्यावर पांढऱ्या कापडांचा गठ्ठा. उरलेली सगळी पॅनल्स त्याने माझ्याकडून तपासून घेतली. मागच्या उजव्या कोपऱ्यालाही लॅकर निघालं. तिथे मी दुसऱ्या दिवशी रोटरी लावणार होतो.

गुरूबद्दल माझं मत यातूनच बनलंय. जो तुमच्या हातातून मशीन काढून घेऊन स्वतः करून दाखवतो, त्याच्याकडे काम छान होतं आणि तुम्ही कोरडे राहता. जो चुकू देतो पण विंगभरच, गाडीभर नाही, तो धरून ठेवा. आणि व्हिडिओवाले? त्यांच्यातले काही चांगले आहेत. पण मेलेल्या रंगावर सिरॅमिक कोटिंग मारून 'एका दिवसात शोरूम' म्हणणारे म्हणजे पी हळद अन् हो गोरी. भुकटीवर कोटिंग मारलं तर भुकटीच टिकते. सिलिकॉनवाले झटपट चमकचे स्प्रे तर मी वर्कशॉपमध्ये येऊच देत नाही. उद्या त्या पॅनलला रंग मारायची वेळ आली तर रंग माशाच्या डोळ्यांसारख्या खळग्या पाडत फाटतो.

रंग मारण्यावरून एक गोष्ट, आणि इथे मला कडकच बोलायचंय. हार्डनर घालून मारायच्या टू-के रंगात आणि लॅकरमध्ये आयसोसायनेट असतं. ब्रिटनमध्ये कामामुळे होणाऱ्या दम्याच्या मोठ्या कारणांपैकी ते एक मानलं जातं. बाहेरून हवा पुरवणारा मास्क आणि बूथ नसेल तर घरच्या गॅरेजात, तोंडाला रुमाल बांधून ते मारायचं नाही. एकदा दमा धरला की या धंद्यात परत येता येत नाही. आपल्याकडे मी ज्या पेंटरांना रुमाल बांधून काम करताना बघितलं, त्यातल्या एकाचा खोकला मला अजून ऐकू येतो.

घाबरवतोय असं वाटत असेल तर हेही ऐका. त्या गाडीवर मी एकूण साठेक तास घालवले आणि बिघडवली एक विंग. तो मागचा उजवा कोपरा सोडला तर उरलेला सगळा रंग 1973 चा आहे, गाडीवरून उतरलेला नाही, आणि ते काम माझ्या हातचं आहे. हलकं पॅड, हलकं पॉलिश, थोडी जागा, पुसून बघणं, एवढं पाळलं तर एकथरी रंग फार माफ करतो. नवीन मुलांनी तिथूनच सुरुवात करावी. स्वतःच्या गाडीवर नको, मालकाच्या तर नकोच. भंगारवाल्याकडून दोन बॉनेटं आणा, एक एकथरी आणि एक लॅकरवालं, आणि मशीनने घासून त्यांचा रंग मुद्दाम जाळा. जळायला किती वेळ लागतो ते हाताला कळू द्या. मी ते नंतर केलं. रोटरीने लॅकर उडायला मला वाटलं होतं त्याच्या निम्मासुद्धा वेळ लागला नाही.

विंग उस्तादाने रंगवली, मी फक्त पाणीपेपर मारला. मालकाला फोन मीच केला. तो म्हणाला, "बरं, सांगितलंस ते बरं केलंस," आणि हवेबद्दल बोलायला लागला. पुढच्या उन्हाळ्यात गावातल्या गाड्यांच्या जत्रेत ती एमजीबी दिसली. सावलीत होती तोवर विंग आणि दार एकजीव. ऊन आलं तशी विंग जराशी नारिंगीकडे झुकली, अगदी केसभर. मी तिथेच बघत उभा राहिलो. मालक शेजारी आला, त्यानेही बघितलं, आणि मला विचारलं की इंजिनखाली तेल ठिबकतंय त्याचं काही करता येईल का.