पाना खाली ठेवल्यावर होणाऱ्या चुका: मोटारसायकलवाल्यांनो, या टाळा

गाडी सुरू होत नव्हती. सेल्फ मारला, काही नाही. किका मारून पाय भरून आला. प्लग काढला, पुसला, परत बसवला. दोघांनी मागून ढकलून पाहिलं. मग त्यातल्या एकाने उजव्या मुठीजवळचा लाल स्विच सरकवला आणि इंजिन लगेच सुरू झालं. किल स्विच बंद राहिला होता, एवढंच.

हा प्रसंग माझा आहे, पण गाडी चालवणाऱ्या बहुतेकांनी तो कधी ना कधी अनुभवलेला असतो. मला त्यातलं वेगळंच काहीतरी आजही खटकतं. चार लोक बघत होते म्हणून मी घाईघाईने एक चांगला प्लग उघडला. परत लावताना त्याचे आटे तिरके बसले असते, तर स्विच सरकवण्याचं काम सिलिंडर हेडच्या दुरुस्तीवर गेलं असतं. पहिली चूक बहुधा फुकटात निभते. ती लपवायला किंवा झटपट निस्तरायला गेलं की दुसरी होते, आणि तीच महागात पडते. आणखी एक निरीक्षण आहे. अवघड काम सहसा चुकत नाही, कारण तिथे आपण पूर्ण लक्ष देतो. काम झालं असं वाटून पाना खाली ठेवला की मग सोपी गोष्ट राहून जाते.

सुरू न होणारी गाडी

पान्याला हात लावण्याआधी ठरलेल्या क्रमाने पाहा. किल स्विच, न्यूट्रलचा दिवा, साइड स्टँड, क्लचचा लिव्हर, आणि टाकीत पेट्रोल आहे का. अनेक गाड्यांत साइड स्टँड खाली असताना गियर टाकला की इंजिन बंद पडावं अशीच सोय असते. न्यूट्रलमध्ये चालू राहते आणि गियर टाकताच बंद पडते, अशी तक्रार असेल तर आधी स्टँड आणि त्याचा स्विच बघा. तिथे चिखल साचला तरी हाच त्रास होतो.

कार्बोरेटरच्या गाड्यांत पेट्रोल कॉक बंद असूनही गाडी छान सुरू होते आणि थोडं अंतर जाऊन नेमकी वाटेत बंद पडते. कारण कार्बोरेटरच्या वाटीत शिल्लक असलेल्या पेट्रोलवर ती तेवढी धावते. रिझर्व्हबाबतही मोठा गैरसमज आहे. त्यासाठी वेगळी टाकी नसते. टाकीच्या आत एक उंच नळी आणि एक बुटकी वाट असते. कॉक ‘ऑन’वर असताना पेट्रोल उंच नळीतून येतं, ‘रिझर्व्ह’वर तळातून. पेट्रोल भरल्यावर कॉक परत ऑनवर आणला नाही, तर पुढच्या वेळी गाडी बंद पडेल तेव्हा खरोखरच काही उरलेलं नसेल. तरी एक उपाय करून पाहा. फ्रेमच्या दांड्यावर बसणाऱ्या टाकीच्या कॉक नसलेल्या बाजूला थोडं पेट्रोल अडकून राहतं. टाकीचं झाकण घट्ट बंद करून गाडी कॉकच्या बाजूला चांगली कलती करा. जवळच्या पंपापर्यंत पोचण्याइतकं पेट्रोल कधी कधी मिळतं.

गाडी थोडी चालून गुदमरल्यासारखी बंद पडते आणि पाच-दहा मिनिटांनी पुन्हा सुरू होते, असं असेल तर टाकीचं झाकण एकदा उघडून बघा. झाकणातलं हवेचं छिद्र बुजलं की पेट्रोल खाली उतरत नाही. आणि चोक ओढून सुरू केली असेल तर इंजिन तापल्यावर तो परत सरकवा. राहिला तर प्लग काळा पडतो आणि पुढच्या खेपेला पुन्हा किका मारायची वेळ येते.

उभ्या जागी पडणारी गाडी

वेगात नव्हे, थांबताना पडणाऱ्या गाड्या कितीतरी जास्त. त्यातलं एक नेहमीचं कारण म्हणजे हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबणं. सरळ चाकाला तोच ब्रेक गाडी नीट थांबवतो, वळलेल्या चाकाला तोच गाडी कुशीवर झोपवतो. चालण्याच्या वेगात वळताना मागचा ब्रेक हलका धरा, क्लच अर्धा ठेवा आणि पूर्ण थांबण्याआधी हँडल सरळ करा.

बुटाची नाडी ही दुसरी गुन्हेगार. लोंबणारी नाडी गियरच्या किंवा ब्रेकच्या पायपट्टीत अडकते. सिग्नलला थांबल्यावर पाय खाली टेकायला जावा तर तो निघतच नाही, आणि माणूस गाडीसकट हळूहळू एका बाजूला कलंडतो. नाडी बुटाच्या आत खोचा. सैल स्कार्फ आणि सामान बांधायची लवचिक दोरीही तितकीच घातक आहे. ती मागच्या चाकात किंवा चेनमध्ये गेली की चाक जागीच आवळलं जातं.

डिस्क लॉक, म्हणजे ब्रेकच्या डिस्कला अडकवायचं कुलूप, लावत असाल तर त्याला भडक रंगाची दोरी अडकवून दुसरं टोक मुठीला बांधा. ती दिसली नाही तर लॉक विसरला जाणार, आणि पहिल्याच अर्ध्या फेऱ्यात लॉक कॅलिपरला, म्हणजे डिस्क पकडणाऱ्या ब्रेकच्या भागाला, जाऊन आदळणार. साइड स्टँड ओल्या मातीत किंवा उन्हाने मऊ झालेल्या डांबरात रुततो, म्हणून खाली चपटा दगड ठेवा. उतारावर तोंड चढाकडे करा आणि गाडी पहिल्या गियरमध्ये ठेवा. तोंड उताराकडे असेल तर गाडी पुढे सरकते आणि स्टँड आपोआप मिटतो.

पडलीच, तर उचलायची घाई करू नका. आधी किल स्विच आणि किल्ली बंद करा, पेट्रोल गळतंय का बघा. गाडी उजवीकडे पडली असेल तर उचलण्याआधीच साइड स्टँड बाहेर काढा, नाहीतर ती उभी होऊन डावीकडे जाते. मग गाडीकडे पाठ करा, सीटच्या कडेला कंबर टेकवा आणि पाठीने नव्हे, पायांच्या जोराने मागे रेटत उभे राहा. उभी झाली की लगेच बसून निघून जाण्याचा मोह आवरा. लोक बघत असतात, ठीक आहे, बघू द्या. ब्रेकचा लिव्हर वाकलाय का, अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर मूठ आपोआप परत येते का, ब्रेकची पायपट्टी कुठे घासते का, हँडल दोन्हीकडे मोकळं फिरतं का, एवढं पाहायला एक मिनिट लागतं. अडकलेल्या मुठीसह रस्त्यावर जाण्यापेक्षा ते मिनिट लोकांसमोर घालवलेलं कधीही चांगलं.

मागच्या माणसाला तिथेच ठेवून निघून जाणारे चालकही पुष्कळ आहेत. गाडी थोडी हलली की तो बसला असं वाटतं, आणि खरं तर त्याने फक्त पायपट्टीवर पाय ठेवलेला असतो. खांद्यावर थाप पडल्याशिवाय क्लच सोडायचा नाही, हे दोघांत ठरवून टाका.

ऑईल बदलताना

एकदा मी ड्रेन बोल्ट, म्हणजे जुनं ऑईल सोडायचा इंजिनच्या तळाचा बोल्ट, हाताने फिरवून बसवला आणि पाना घेणार तेवढ्यात फोन वाजला. बोलून आलो आणि थेट ऑईल ओतायला घेतलं. ऑईल लगेच गळलं नाही, कारण आटे पूर्ण बसले होते. पण दुसऱ्या दिवशी गाडीखाली एक थेंब दिसला नसता तर तो बोल्ट कंपनाने सुटून ऑईल मागच्या टायरवर आलं असतं. वळणावर त्याचा अर्थ काय होतो, हे वेगळं सांगायला नको. तेव्हापासून गाडीची किल्ली ड्रेन बोल्टशेजारीच ताटलीत ठेवतो. बोल्ट पक्का आवळला की त्यावर रंगाच्या पेनाने खूण करतो आणि मगच किल्ली उचलतो. मधे कुणी हाक मारली तर परत आल्यावर एक पायरी मागून सुरुवात करतो.

याच्या उलट चूक म्हणजे जोर लावणं. इंजिनचा तळ अ‍ॅल्युमिनियमचा असतो आणि बोल्ट पोलादी, त्यामुळे आटे जातात ते नेहमी इंजिनचे. अनेक गाड्यांना हा बोल्ट २० ते ३० न्यूटन-मीटर (आवळण्याच्या जोराचं माप) इतकाच आवळावा लागतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत असतो. गळती थांबते ती जोराने नाही, नव्या वायसरने. बोल्ट उघडण्यापूर्वी तो ड्रेन बोल्टच आहे ना, हे चित्राशी ताडून घ्या, कारण इंजिनखाली तसेच दिसणारे इतर बोल्टही असतात. फिल्टर बदलताना जुनी रबरी रिंग खाचेत चिकटून राहिलीय का, बोट फिरवून बघा. जुनीवर नवी बसली की इंजिन सुरू होताच ऑईल बाहेर येतं.

पुस्तिकेत वेगळं सांगितलं नसेल तर ऑईलची पातळी साइड स्टँडवर पाहू नका. कललेल्या गाडीत ती खोटी दिसते, मग माणूस ऑईल वाढवत जातो. जादा झालेलं ऑईल ब्रीदरच्या (इंजिनमधली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीतून एअर फिल्टरमध्ये पोचतं. आणि कारसाठीचं उरलेलं ऑईल मोटारसायकलमध्ये ओतू नका. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिन ऑईलमध्येच बुडालेला असतो. कारच्या अनेक ऑईलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यांनी क्लच प्लेटा घसरू लागतात. डब्यावर जासो या जपानी वाहन-मानक संस्थेचा एमए किंवा एमए२ हा दर्जा छापलेला पाहून घ्या. ऑईल बदलल्यानंतर लगेच इंजिनचा आवाज चढतोय पण वेग वाढत नाही असं झालं, तर क्लच खोलण्याआधी संशय ऑईलवर घ्या.

चेन आणि ब्रेक: इथे माफी नाही

चालू इंजिनवर, गियर टाकून, फिरत्या चेनला फडकं लावू नका. चेन आपोआप फिरते म्हणून काम सोपं वाटतं, पण फडक्याचं टोक स्प्रॉकेटमध्ये (चेनच्या दातेरी चक्रात) गेलं की बोट त्यामागे जातं, आणि हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. बोटं गमावलेली माणसं आहेत. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, चाक हाताने फिरवायचं. याला अपवाद नाही.

चेन ताणून घट्ट करणं हे नीटनेटकं वाटतं, पण सैल चेनपेक्षा ते जास्त नुकसान करतं. गाडीवर वजन पडलं की मागचं चाक वर सरकतं. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) खिळा आणि मागचा एक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेनला सर्वांत जास्त लांबी लागते. तिच्यासाठी सैलपणा ठेवला नसेल तर सगळा ताण गियरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो. पुष्कळ रस्त्यावरच्या गाड्यांना मधोमध २० ते ३५ मिलिमीटर खेळ लागतो. तो चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मोजा आणि सर्वांत घट्ट जागा धरून ठरवा. जोडकडीची क्लिप असेल तर तिचं बंद टोक चेनच्या धावण्याच्या दिशेला हवं. शेवटी एक्सलचा नट आवळा आणि पिन बसवा. मागे ड्रम ब्रेक असेल तर चाक सरकल्यामुळे त्याच्या पायपट्टीचा खेळही पुन्हा जुळवावा लागतो, हे हमखास विसरतं.

ब्रेक पॅड बदलताना कॅलिपरमधले पिस्टन मागे ढकलावे लागतात. नवे पॅड बसले, बोल्ट आवळले, काम झालं असं वाटतं. पण पिस्टन अजून मागेच आहेत. अशा गाडीवर बसून निघालात तर पहिल्यांदा दाबलेला लिव्हर सरळ मुठीला येऊन टेकतो आणि गाडी थांबत नाही. म्हणून जागेवरच लिव्हर पुन्हा पुन्हा दाबा, तो कडक झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही. कॅलिपर बाहेर लटकत असताना मात्र लिव्हर दाबू नका, पिस्टन बाहेर निघून येतो.

चेनवर स्प्रे मारताना मागच्या डिस्कवर फडकं झाका. टायर चमकवणारं पॉलिश जमिनीला टेकणाऱ्या भागावर लावू नका. ब्रेक ऑईल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, ते रंग खातं. ब्रेक ऑईलच्या टाकीच्या झाकणावर डॉट ४ (ऑईलचा प्रकार) लिहिलं असेल तर त्यात डॉट ५ घालू नका. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, दोन्ही एकत्र चालत नाहीत.

उरलेले काही

बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. उलट केलंत आणि पाना फ्रेमला लागला की ठिणगी उडते. फ्यूज उडाला तर त्याच आकड्याचा घाला. मोठा घातला तर फ्यूज शाबूत राहतो आणि वायर जळते.

जपानी गाड्यांच्या चौफुलीच्या स्क्रूंना फिलिप्सचा पेचकस नीट बसत नाही, त्यांचा घाट जेआयएसचा, म्हणजे जपानी मानकाचा, असतो. चुकीच्या पेचकसाने डोकं गोल होतं आणि दोष स्क्रूला दिला जातो. एअर फिल्टर काढल्यावर तोंडाशी कापडाचा बोळा कोंबत असाल तर तो मोठा आणि लाल घ्या, टोक बाहेर लोंबत ठेवा, म्हणजे तो आत विसरला जाणार नाही.

आणि शेवटी ताटलीत एखादा बोल्ट उरला तर गाडी सुरू करू नका. इंजिनच्या कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब बोल्ट उथळ भोकात गेला तर तळाला टेकतो, आपण आवळतच राहतो आणि कव्हरला किंवा इंजिनच्या कवचाला तडा जातो. उघडण्याआधी पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढा, प्रत्येक भोकाच्या जागी छिद्र पाडा आणि निघालेला बोल्ट त्याच छिद्रात खोचून ठेवा.