सीडी-आरडब्ल्यू नीट पुसा, मगच पुन्हा लिहा

साध्या सीडी-आरमध्ये लेसर रंगाचा थर जाळतो, म्हणून ती एकदाच लिहिता येते. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यूमध्ये चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियमच्या मिश्रधातूचा थर असतो. कोऱ्या चकतीत तो स्फटिकरूप असतो आणि प्रकाश परतवतो. लिहिताना लेसर एकेक ठिपका साधारण ६०० अंशांवर वितळवतो आणि लगेच मंद होतो. ठिपका इतक्या झटकन थिजतो की अणूंना रांगेत बसायला सवड मिळत नाही, आणि तो काळपट राहतो. पुसताना मधली आच लागते, सुमारे २०० अंश: वितळायला कमी, पण अणू पुन्हा ओळीत बसायला पुरेशी.

आधी चकतीवरचा वेग बघा. तो गाणी वाजण्याच्या नेहमीच्या वेगाच्या पटीत मोजतात. साधी ४ पटीपर्यंत, 'हाय स्पीड' १२ पटीपर्यंत, 'अल्ट्रा स्पीड' २४ पटीपर्यंत चालते. प्रत्येकीचा थर त्या वेगासाठीच बनवलेला असतो. जुन्या ड्राइव्हमध्ये अल्ट्रा स्पीड चकती घातली तर तिच्यावर लिहिताच येत नाही. ड्राइव्ह बिघडलाय असं समजू नका.

'क्विक इरेज' एक-दोन मिनिटांत होतं, कारण त्यात आतल्या कडेची अनुक्रमणिका तेवढी जाते. चकती ट्यूबलाइटखाली तिरपी धरा: लिहिलेल्या भागाचं वेगळ्या छटेचं कडं तसंच दिसेल. खाजगी मजकूर असेल किंवा बर्न (म्हणजे लिहिणं) अर्ध्यात फसलं असेल, तर 'फुल इरेज'च करा. ८० मिनिटांच्या चकतीला ४ पटीने वीसेक मिनिटं लागतात. मध्येच ड्राइव्ह उघडू नका.

गाण्यांसाठी 'ऑडिओ सीडी' निवडा आणि शेवटी डिस्क फायनलाइज करा, म्हणजे लिहिणं बंद करून अनुक्रमणिका पक्की करा, नाहीतर प्लेअरला ती कोरीच वाटेल. पेन ड्राइव्हसारखी वापरायला फॉरमॅट केलीत तर ७०० एमबीतले शंभराहून जास्त एमबी त्यातच जातात.

एवढं करूनही जुना प्लेअर वाचत नसेल, तर दोष बहुधा लिहिण्यात नाही. छापील सीडी निदान ७० टक्के प्रकाश परतवते, आरडब्ल्यू जेमतेम १५ ते २५ टक्के. एवढ्या मंद उजेडात वाचायची सोय जुन्या प्लेअरमध्ये नसते. तिथे सीडी-आरच वापरा.

चकती हजारेक वेळा लिहिता येते, पण त्याआधी ती बहुतेक वेळा ओरखड्यांनीच जाते. लेबलच्या बाजूला जास्त जपा, थर तिथे नुसत्या लाखेखाली असतो. पुसायचं तर मऊ कापडाने, मधून कडेकडे सरळ. गोल फिरवून कधीच नको.