नेपल्सच्या किनाऱ्यावर वनस्पतीप्लवक कसं पाहावं

वनस्पतीप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे वनस्पतीसारखे सूक्ष्म जीव, शिकायला इथं नेपल्सला मास्टर्ससाठी येणारी आपली मुलं पहिल्याच आठवड्यात विचारतात, "ताई, मायक्रोस्कोप कधी मिळेल?" मिळेल. आधी वही घ्या. पाणी कुठलं, किती खोलीवरचं, कालपरवा वारा कुठून होता, पाऊस झाला का, हे लिहिलेलं नसेल तर बाटलीत कितीही देखणे डायाटम (काचेसारख्या कवचाचे एकपेशीय प्लवक) निघोत, ते तिथं का आले हे सांगता येत नाही. आणि भूमध्य समुद्रात सगळी गंमत त्या 'का'मध्येच आहे.

मी रत्नागिरीची. आमच्या खाडीच्या तोंडाशी बारीक जाळं सोडलं की गाळानं आणि प्लवकानं बघता बघता भरतं. इथं पाणी निळंशार, तळाचे दगड दिसतात, पर्यटक खूश. पण निळं म्हणजे उपाशी. जिब्राल्टरमधून अटलांटिकचं वरवरचं, पोषकद्रव्यं संपत आलेलं पाणी आत येतं; बाष्पीभवनानं खारट आणि जड झालेलं पाणी खालून बाहेर जातं, ते जाताना पोषकद्रव्यं घेऊन जातं. आवक कमी, जावक जास्त. त्यातही चणचण फॉस्फरसची. महासागरात नायट्रोजन आणि फॉस्फरसचं प्रमाण साधारण १६ ला १ असतं; इथल्या खोल पाण्यात ते २० च्या वर जातं, आणि पूर्वेला सायप्रसच्या बाजूला आणखी वाढतं. म्हणून किनाऱ्यावर कुठंही हिरवट पाणी दिसलं की पहिला प्रश्न हाच: इथं फॉस्फरस आला कुठून? नदीतून, गटारातून, की वाऱ्यानं खालचं पाणी वर काढलं?

जागा

एकाच आखातात तीन वेगळे समुद्र सापडतात, तेव्हा निदान दोन जागा धरा. पूर्वेला तोर्रे अन्नुंझियाता आणि कास्तेल्लामारे यांच्या मधे सार्नो नदी येऊन मिळते. शेती, कारखाने आणि वस्तीची घाण घेऊन येणारी ही नदी, त्यामुळे तिथलं पाणी वेगळंच. पश्चिमेला पोझिल्लिपोच्या कड्याखाली मोकळ्या समुद्राचं पाणी येतं. तिसरी जागा मेर्जेल्लिनासारखं बंदिस्त बंदर. भरती-ओहोटीचं वेळापत्रक इथं विसरा. रत्नागिरीत उधाणाला पाणी दोन-तीन मीटर चढतं, इथं जेमतेम हातभर. त्यामुळे बंदरात अडकलेलं पाणी अडकूनच राहतं, आणि भूमध्य किनाऱ्यावरच्या अशा बंदरांत अलेक्झांड्रियम मिनुटमसारखे विषारी डायनोफ्लॅजेलेट (शेपटीसारख्या धाग्यांनी पोहणारे एकपेशीय प्लवक) माजतात.

तुलनेसाठी तयार आधारही आहे. आन्तोन डोर्न यांनी १८७२ मध्ये उभ्या केलेल्या इथल्या प्राणिशास्त्र केंद्राचे लोक किनाऱ्यापासून सुमारे दोन सागरी मैलांवर, ७५ मीटर खोलीच्या जागी १९८४ पासून नमुने घेत आले आहेत. मधे काही वर्षं खंड पडला, १९९५ पासून दर आठवड्याला. त्या ठिकाणाचं नाव मारेकियारा. त्यांचे प्रसिद्ध झालेले आलेख आधी बघा, म्हणजे आपल्या बाटलीत जे आलं ते नेहमीचं की नवलाचं हे कळेल.

पाणी मोजणं

पाणी किती नितळ आहे हे मोजायची सेक्कीची तबकडी घरी करता येते: ३० सेंटीमीटरची पांढरी रंगवलेली पत्र्याची चकती, खाली वजन, वर मीटर-मीटरला खूण केलेली दोरी. हे साधन याच समुद्रातलं. १८६५ च्या एप्रिलमध्ये आंजेलो सेक्की या जेझुइट खगोलशास्त्रज्ञानं पोपच्या जहाजावरून चिविताव्हेक्कियाच्या समुद्रात अशा तबकड्या सोडून पाहिल्या. दुपारच्या आसपास, होडीच्या सावलीच्या बाजूनं, गॉगल काढून सोडा. दिसेनाशी झाली ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसली ती खोली, दोन्हींची सरासरी घ्या. तिच्या साधारण अडीचपट खोलीपर्यंत प्लवकाला पुरेसा उजेड मिळतो, असा ढोबळ हिशोब. सार्नोजवळ मात्र तबकडी लवकर दिसेनाशी झाली तर ते प्लवकामुळेच असं समजू नका, गाळही असतो.

तापमान आणि खारटपणा हवाच. खारटपणाला हातातलं रिफ्रॅक्टोमीटर (पाण्यात उजेड किती वाकतो त्यावरून क्षार मोजणारं साधन) पुरतं. मोकळ्या समुद्राचा खारटपणा ३७-३८ च्या आसपास असतो, म्हणजे किलोभर पाण्यात तितके ग्रॅम क्षार. पावसानंतर आकडा खाली आला असेल तर जमिनीवरचं पाणी वर तरंगतंय आणि खतं त्यातच आहेत.

जाळं आणि बाटली

ही दोन वेगळी कामं आहेत, यात गल्लत नको. २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) छिद्रांच्या कापडाचं जाळं धक्क्यावरून सरळ खाली सोडून हळू वर ओढा, बाहेरून समुद्राचंच पाणी मारून कडेचं सगळं तळाच्या भांड्यात उतरवा. हे ओळखण्यासाठी. मोजणीसाठी न गाळलेलं पाणी बाटलीत घ्या, कारण जाळ्यातून बहुतेक जीव निसटतात. या उपाशी समुद्रात उन्हाळ्यात खरं राज्य सिनेकोकॉकससारख्या अतिसूक्ष्म जिवाणूंचं असतं. ते एक मायक्रॉनच्या आसपासचे, जाळ्यात येत नाहीत आणि साध्या मायक्रोस्कोपखाली ओळखूही येत नाहीत.

बाटली काचेची घ्या, प्लास्टिक आयोडिन शोषतं. लुगोलचं द्रावण (नमुना टिकवणारं आयोडिनचं औषध) थेंब थेंब घाला, पाण्याला कोऱ्या चहाचा रंग आला की थांबा. अंधारात, थंड ठेवा. आम्लयुक्त लुगोलमध्ये कोकोलिथोफोर नावाच्या प्लवकाच्या अंगावरच्या चुन्याच्या चकत्या विरघळतात, ते बघायचे असतील तर वेगळी बाटली करा. जाळ्यातल्या पाण्याचा थोडा भाग औषध न घालता ठेवा आणि दोनेक तासांत बघा.

त्या जिवंत थेंबात काय दिसतं? कीटोसेरॉस या डायाटमच्या साखळ्या, प्रत्येक पेशीच्या कोपऱ्यातून निघालेले लांब केस शेजारणीच्या केसांत अडकलेले. स्यूडोनिट्शिया या दुसऱ्या डायाटमच्या सुया टोकावर टोक चढवून जोडलेल्या, आणि ती अख्खी सळी पुढे-मागे सरकते. तीन शिंगांचा ट्रायपॉस हा डायनोफ्लॅजेलेट गिरक्या घेत नजरेच्या टप्प्यातून निसटतो. स्यूडोनिट्शियाच्या पुढे जातीचं नाव ठोकून लिहू नका, त्याला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो.

वहीवरून कारण काढणं

हिवाळ्यात वारा पाणी ढवळतो, खालची पोषकद्रव्यं वर येतात, पण ढवळत राहिलेल्या पाण्यात पेशी उजेडात टिकत नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये वारा पडून ऊन आलं की डायाटम उसळतात. म्हणजे वादळाच्या दिवशी नव्हे, नंतरच्या शांत दिवसांत बाटली घ्या. हेच ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुन्हा घडतं. ११ नोव्हेंबरच्या सुमारास इथं चार उबदार दिवस येतात, लोक त्याला सान मार्तिनोचा उन्हाळा म्हणतात, आणि प्लवकाची शरदातली वाढ त्याच सुमाराची. मे-जूनमध्ये किनाऱ्यालगत वरच्या कमी खारट थरात प्लवकाची भर असते; बाहेर मोकळ्या समुद्रात मात्र वर काही नाही, हिरवा पट्टा ५०-१०० मीटर खोल.

शिरोक्को वारा सहाराची धूळ आणतो, गाड्यांवर तांबडा थर बसतो. तारीख लिहून ठेवा, पण लगेच समुद्र हिरवा होईल अशी आशा नको. आलेला फॉस्फरस बऱ्याचदा जिवाणूच आधी उचलतात. नदीचा परिणाम बघायचा तर नाईल बघा. १९६० च्या दशकात आस्वानच्या मोठ्या धरणानं पूर अडवला, डेल्टासमोरची शरदातली डायाटमची वाढ गेली आणि तिच्यावर जगणारे तारली मासेही गेले.

उन्हाळ्यात एक सावधगिरी. उथळ, आडोशाच्या खडकांवरच्या शेवाळावर गंजासारखा बुळबुळीत थर दिसला तर तो ऑस्ट्रिऑप्सिस हा विषारी डायनोफ्लॅजेलेट असू शकतो. २००५ च्या जुलैमध्ये जेनोआत सुमारे २०० जणांना त्यामुळे ताप, खोकला, घशाचा त्रास होऊन उपचार घ्यावे लागले. समुद्रावरून वारा येत असेल तर तिथं थांबू नका, नमुना घ्यायचाच तर मास्क आणि हातमोजे घालून.

उपग्रहाची क्लोरोफिलची (हरितद्रव्याची) चित्रं कोपर्निकस या युरोपच्या उपग्रह-योजनेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. बाहेरच्या पाण्यासाठी छान. चित्रातले किनाऱ्याला लागून असलेले चौकोन मात्र धरू नका, तिथं गाळ आणि नदीतून आलेला पिवळसर रंगही हिरवा म्हणून मोजला जातो. आणि घरी आल्यावर जाळं गोड्या पाण्यात धुऊन सावलीतच वाळत घाला. मीठ सुकलं की कापडाची छिद्रं बुजतात, आणि हे कापड इथं स्वस्त नाही.